अपट्रेंड आणि पितळेचे हंडे

अन्याय कुणावर झाला ते आधी सांगते, म्हणजे पुढचं सगळं सरळ होईल. अन्याय झाला तो पिंपळवंडीच्या आतल्या मळ्यांवरून नारायणगावला कॉलेजात येणाऱ्या पाच मुलींवर. कधी झाला? ज्या वर्षी आमच्याकडे शेताच्या बांधावरसुद्धा मोबाइल वाजायला लागले, त्या वर्षी, गणपती विसर्जनानंतरच्या पहिल्या सोमवारी, संध्याकाळी सव्वापाच वाजता. मळ्यांपर्यंत आत जाणारी बस त्या वेळेला सुटायची. ती त्या दिवशी सुटली नाही, आणि चौकशीच्या खिडकीतून एवढंच वाक्य बाहेर आलं, "या गाडीला प्रवासी नाहीत, बंद केली." पाच मुली खिडकीसमोर दप्तरं घेऊन उभ्या होत्या. त्या प्रवासी नव्हत्या तर कोण होत्या, असा प्रश्न मी त्याच आठवड्यात पत्रकात छापला. उत्तर अजून आलेलं नाही.

पण आज मी त्या खिडकीबद्दल लिहायला बसलेली नाही. तिच्यावर लिहिलेली पत्रकं पुष्कळ झाली. आज लिहायचं आहे ते आमच्या भांडीवाल्या शेठबद्दल. माझा दावा असा, की जुन्नर आणि आंबेगाव या दोन्ही तालुक्यांत मिळून 'अपट्रेंड' या इंग्रजी शब्दाचा अर्थ एकाच माणसाला कळला होता, आणि तो माणूस इंग्रजीत स्वतःची सहीसुद्धा करत नव्हता.

शेठचे आजोबा राजस्थानातून आले आणि नारायणगावच्या पेठेत त्यांनी भांड्यांचं दुकान मांडलं. नातवापर्यंत राजस्थानातलं उरलं होतं ते शेठाणींच्या हातच्या पापडात आणि सूर्य मावळायच्या आत जेवून घेण्याच्या नेमात. बाकी शेठ आमच्यापेक्षा आमचे होते. मी पेठ गावची, शिकायला म्हणून नारायणगावात मावशीकडे राहिलेली. पुस्तकं वाचून माझी भाषा तेव्हा बरीच गुळगुळीत झाली होती. शेठ मात्र 'व्हतं', 'न्हाई' आणि 'लई' यांना धरून होते, आणि माझं एखादं वाक्य फार नीट झालं की गल्ल्यावरून म्हणायचे, "पुढारीबाई, जरा खाली उतरा, आमाला ऐकू येऊ द्या."

अपट्रेंड त्यांच्या आयुष्यात शिरला तो टीव्हीतून. पोरानं दुकानात छोटा टीव्ही बसवला, गिऱ्हाईक गाणी बघत रेंगाळेल म्हणून. शेठनी गाणी एकदाही लावली नाहीत. सकाळी दुकान उघडलं की शेअरबाजाराचं चॅनेल लागायचं, ते दुपारी बाजार मिटेपर्यंत. पडद्याखालून आकड्यांची पट्टी सरकत राहायची, टाय लावलेला माणूस भराभर इंग्रजी बोलायचा आणि शेठ कढईला फडकं मारत त्याच्याकडे अशा नजरेनं बघायचे, जशी आमच्याकडची माणसं गावातल्या कुस्तीकडे बघतात. शेअर त्यांनी जन्मात एकही घेतला नाही. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "पाऊस बघायला छत्री इकत घ्यावी लागती का?" त्या सगळ्या इंग्रजीतून त्यांनी एकच शब्द उचलला, आणि उचलला तो असा, की मूळ मालकाला परत मिळण्याची आशा राहिली नाही.

शेजारच्या शिंप्याला ताप आला, तर लोक काढ्याची चौकशी करत. शेठनी त्याला विचारलं, "उतरतो तवा कुठवर उतरतो? परवा जेवढा उतरला तेवढा काल उतरला का?" शिंपी म्हणाला, नाही, काल थोडा कमीच उतरला. शेठ गंभीर झाले. "मग अपट्रेंड हाये. आज डाक्टरकडं जा, उद्यावर टाकू नगं." शिंपी शिव्या देत गेला. टायफॉइड निघाला. तेव्हापासून पेठेतले लोक ताप आला की आधी शेठच्या दुकानावरून मान खाली घालून पुढे निघायचे. कुणाच्या जावयाचं येणं-जाणं, द्राक्षाच्या वेलीची वाढ, मारुतीच्या देवळातल्या भजनाची गर्दी, सगळ्याला तोच गज लावलेला. शेठाणीही त्याला अपवाद नव्हत्या. त्या आत असताना शेठ आवाज खाली आणून मला सांगायचे, "ही रागावती. मग शांत व्हती. पण मागल्या वेळी जेवढी शांत झाली व्हती, तेवढी या वेळी व्हत न्हाई. म्हंजे काय?" मी म्हणायचे, अपट्रेंड. "शाबास," म्हणायचे, आणि आतून शेठाणींचा आवाज यायचा, "समदं ऐकू येतंय मला!" शेठ बोट वर करायचे. "बघ. आणिक वर."

शब्दाचा अर्थ मला त्यांनी समजावला तो एका पातेल्यावर. एक बाई पातेलं निवडत होती, काठावरून बोट फिरवून चकाकी बघत होती. शेठनी ते हातातून घेतलं, उलटं केलं आणि बुडावर टिचकी मारली. "काठ कोण बी चमकवील. भांडं निवडायचं बुडावरनं." बाई गेल्यावर माझ्याकडे वळले. "तसंच हाये ते. वर गेलं की समदे नाचत्यात. मी नाचत न्हाई. वर गेलेलं खाली येणारच. खाली येताना मागल्या खेपेला जिथं टेकलं व्हतं, त्याच्या वर टेकलं, तर म्हणायचं अपट्रेंड. न्हाईतर नुसती उसळी." मी हसले. तेव्हा मला उसळ्या फार आवडायच्या.

आता असा सिद्धान्त बाळगणारा माणूस धंद्यात पक्का असेल असं कुणालाही वाटेल. शेठ अजिबात नव्हते. एका लग्नसराईत लागोपाठ तीन वधूपित्यांनी पितळेचे हंडे नेले, त्यावर त्यांनी पितळेला अपट्रेंड जाहीर केला आणि हंडेच हंडे भरले. पुढच्या सराईपर्यंत वाट बघून खाली कुठे टेकतं ते बघायचं, हा स्वतःचाच नियम ते नेमके विसरले. त्याच वर्षी घराघरांत नळ आले, प्लॅस्टिकचे निळे पिंप आले, आणि हंडा कुणालाच नको झाला. ते सगळे हंडे दुकानाच्या माळ्यावर जाऊन बसले, आणि त्याच माळ्यावर शेठनी आमच्या विद्यार्थी संघटनेला बैठकीला जागा दिली. आम्ही हंड्यांच्या मधोमध बसून ठराव करायचो. जोरात घोषणा दिली की सगळे हंडे घुमायचे. आठ जणांची घोषणा ऐंशी जणांची वाटायची. आमच्यापैकी काहींचा आत्मविश्वास त्यामुळे कायमचा बिघडला. त्यात मीही होते.

तर बस बंद झाली. पाच मुलींमध्ये एक होती सारिका, बारावी सायन्सची. प्रॅक्टिकल पाचला सुटायचं. वडील मळ्यात राहणारे, वाईट माणूस नव्हे, पण अंधाराला भिणारा. त्यांनी सारिकाला सांगितलं आणि मी घरी गेले तेव्हा मलाही तोंडावर सांगितलं, "ताई, तुमी लई शिकल्याल्या. पण माझं एक ऐका. दिवस मावळायच्या आत पोरगी घरात पायजे. ज्या दिवशी न्हाई आली, त्या दिवसापासनं कॉलेज बंद. दिवाळीनंतर स्थळं बघायची." सारिका आतल्या दाराशी उभी होती. वहीच्या कोपऱ्याची गुंडाळी करत राहिली.

हायवेवरून धावणाऱ्या मोठ्या गाड्या मळ्याच्या फाट्याला थांबत नाहीत. उरली काळी-पिवळी जीप. तिची रीत तुम्हाला माहीत आहे: दहा शिटं भरल्याशिवाय किल्ली फिरत नाही. बाजारच्या दिवशी ती दहाच्या जागी पंधरा घेऊन पाचलाच निघते, आणि आडवारी पाच मुली आत बसून सूर्याकडे बघत राहतात. मी ड्रायव्हरवर ओरडले. तो बिडी विझवून म्हणाला, "ताई, मोकळी गाडी नेऊ तर डिझेल तुमची संघटना भरती का?" मला उत्तर आलं नाही, म्हणून मी मोर्चा काढला.

पितृपक्षात मोर्चा कोण काढतं, असं मावशी म्हणाली. आम्ही काढला. तास बुडणार म्हटल्यावर अख्खं कॉलेज रस्त्यावर आलं. माझा आवाज बसला, निवेदन स्वीकारायला एस.टी.चे साहेब पायऱ्या उतरून खाली आले, "पाहू" म्हणाले. मी माळ्यावर आले ती तरंगतच. शेठ खालून ओरडले, "उसळी झक्कास झाली पुढारीबाई!" दुसऱ्या दिवसाच्या धरण्याला सहा जण होते. तिसऱ्या दिवशी मी आणि आमचा फलक. शेठ म्हणाले, "टेकलं का?" मला इतका राग आला, की मी त्यांना दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, सुनावलं. तुम्ही आयुष्यभर गल्ल्यावर बसून लोकांचा चढ-उतार बघितलात, एका चढाला हात लावला नाहीत, असं काहीतरी. शेठनी ऐकून घेतलं. टीव्हीचा आवाज बारीक केला, म्हणजे मला नीट बोलता यावं. मग एवढंच विचारलं, "तुजा मोर्चा कुठल्या दिवशी लई मोठा व्हता, ते समद्यांना ठावं हाये. त्या पोरींचा लई बारका दिवस कुठला?"

त्याचं उत्तर दोन दिवसांत समोर आलं. सर्वपित्री अमावास्या. घरोघरी पितरांचं जेवण, अमावास्येला आमच्याकडे कामाशिवाय कुणी वेशीबाहेर पडत नाही, स्टँड ओस. पण सारिकाचं प्रॅक्टिकल होतं. जीपमध्ये पाच मुली, मी सहावी, आणि ड्रायव्हर टपाला टेकून उभा. साडेपाच झाले. सारिका माझ्याकडे बघत नव्हती, जुन्नरच्या बाजूच्या आकाशात उन्हाचा रंग कसा बदलतोय ते बघत होती.

तेवढ्यात शेठ आले. पांढरी टोपी, काखेत एक हंडा, मागे हमालाच्या डोक्यावर दोन. पुढच्या शिटावर स्वतः बसले, हंडे मागच्या बाकावर एकेक ठेवले, पदर सारखा करावा तसं त्यांच्यावरचं फडकं सारखं केलं, आणि ड्रायव्हरला म्हणाले, "झाली दहा शिटं. चल."

ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, हंडे टपावर टाका की."

"टपावर चेपत्यात. त्यांना शीट पायजे. तिघांचं भाडं घे आणि चल."

"मळ्यात हंडे कोण घेणार?"

"ते तुला कशाला? तू माणसं न्हेतो तवा इचारतो का, कोण घेणार म्हणून?"

मुली पहिल्यांदा हसल्या. जीप सुटली. पितळेचे तीन हंडे प्रत्येक खड्ड्यात घुमत होते आणि सारिका एकाला दोन्ही हातांनी धरून बसली होती. उंबरठ्याशी तिचे वडील उभे होते. उजेड होता. जेमतेम, पण होता.

त्या दिवसानंतर हे रोजचं झालं. पाच वाजले की शेठ गल्ला पोराच्या ताब्यात द्यायचे आणि किती शिटं कमी पडणार याचा अंदाज घेऊन तितके हंडे काढायचे. मळ्यातल्या लोकांना वाटायचं, शेठ हंड्यांची फेरी करतायत. बायका मुद्दाम भाव पाडून मागायच्या. शेठ द्यायचे नाहीत. "इकायचा न्हाई. नुसता फिरायला आणलाय," म्हणायचे आणि त्याच जीपनं हंडे घेऊन परत यायचे. पेठेत चेष्टा सुरू झाली. "शेठ, आज कुठल्या हंड्याला माहेरी सोडून आला?" शेठाणींच्या रागाच्या अपट्रेंडबद्दल आता त्यांना कुणी सांगायची गरज उरली नव्हती. मी विचारलं, तुम्ही हे का करताय? म्हणाले, "ट्रेंड बघाय जातो. दुकानात बसून दिसत न्हाई, असं एक पुढारीबाई म्हणल्या."

मग एका दुपारी शेठाणी माळ्यावर आल्या. त्या कधी येत नसत. हंड्यांमध्ये ठरावाचा कागद घेऊन बसलेल्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरी, तुमी त्यांना सांजच्याला कुठं धाडता? चातुर्मास चाललाय. त्यो मानूस दिवस मावळल्यावर दाणा तोंडात घालत न्हाई, पाण्याचा थेंब बी घेत न्हाई. येतो तवा अंधार झालेला असतो. अमावास्येपासनं सकाळच्या एका जेवणावर हाये. इचारलं तर म्हणतो, बाहेर खाल्लं. बाहेर! जन्मात कधी बाहेर खाल्लं न्हाई त्यानं."

मी खाली गेले. शेठ टीव्हीसमोर होते. गळ्यापाशी सदरा सैल दिसत होता, तो मला त्या दिवशी दिसला. म्हटलं, शेठ, दुसरं कुणी जाईल, आमच्यातलं कुणी बसेल. "बसा की," म्हणाले. "मी कुठं नगं म्हणलो? तुमी बी बसा. पण रोज बसा. एक दिस येऊन घोषणा देऊन जाऊ नगा." मी जेवणाचं बोलले. तर पोटावरून हात फिरवून म्हणाले, "हे लई वर गेलं व्हतं. जरा खाली टेकाय पायजेच व्हतं." आणि मग, टीव्हीकडेच बघत, चेष्टा न करता बोलले, तसं ते क्वचित बोलायचे. "ते टाय लावल्यालं पोरगं सांगतंय बघ, की बाजार अमुक ठिकाणी टेकला आणि वर फिरला. पन टेकला कशावर? हवेवर टेकत न्हाई काय. तिथं कुणीतरी असतं. समदे सोडून पळत असताना खाली कुणीतरी थांबल्यालं असतं. त्याचं नाव ह्यो कधी घेत न्हाई."

तेव्हापासून आम्ही पाळ्या लावल्या. संघटनेतला एकेक जण रोज जीपमध्ये बसू लागला, घोषणेशिवाय. शेठना आम्ही जेवायला घरी पाठवायचो, ते हट्टानं यायचेच, पण डब्यात दशम्या घेऊन, आणि सूर्य बुडायच्या आत, धावत्या जीपमध्ये, हंड्याच्या आडोशाला जेवून घ्यायचे. सारिका पाण्याचा तांब्या धरायची आणि ओरडायची, "शेठ, उरका, गेला बघा डोंगराआड!"

आणि एक गोष्ट घडली, जी माझ्या कुठल्याच पत्रकानं घडवली नव्हती. जीप रोज साडेपाचला सुटते म्हटल्यावर लोक तिच्यावर विसंबायला लागले. दवाखान्यात आलेल्या म्हाताऱ्या, टोमॅटोच्या तोडणीवरून परतणाऱ्या बायका, पतसंस्थेतला शिपाई. आधी बाजाराच्या आदल्या-नंतरच्या दिवशी, मग बाकीच्या आडवारीसुद्धा. गर्दी कमी-जास्त व्हायची, पण कमीसुद्धा मागच्या कमीपेक्षा जास्त असायची. माळ्यावरून तीन हंडे निघायचे त्याचे दोन झाले, मग एक. मग पौषातल्या अमावास्येला शेठ शेवटचा हंडा काखेत घेऊन स्टँडवर आले आणि ड्रायव्हर लांबूनच हात हलवत ओरडला, "शेठ, आज जागा न्हाई! हंड्याला बी न्हाई आन् तुमाला बी न्हाई!"

स्टँडवरचे लोक हसले. शेठ हंडा काखेत धरून उभे राहिले. जीप भरून, लोंबकळणाऱ्यांसकट, वळणावरून गेली. अमावास्या होती. मी शेजारी उभी होते. मला वाटलं आता ते तो शब्द म्हणणार. त्यांनी म्हटला नाही. हंड्याच्या बुडावर टिचकी मारली, आवाज ऐकला, आणि म्हणाले, "चल, आज येळेवर जेवतो."

सारिका बारावी झाली, नर्सिंगला गेली. तिच्या लग्नात वडिलांनी भांडी घ्यायला शेठचंच दुकान धरलं, आणि सारिकानं स्टीलचं सगळं बाजूला सारून माळ्यावरचा हंडा मागितला, जीपमध्ये ती धरून बसली होती तोच. त्यावर नाव घालताना शेठनी विचारलं, बापाचं घालू का नवऱ्याचं? सारिका म्हणाली, नुसतं माझं घाला. घातलं. काठावर नाही, बुडाला.

आता शेठ नारायणगावात नाहीत. पोरानं पुण्यात फ्लॅट घेतला, वर, लिफ्टनं जायचा, आणि आईवडिलांना घेऊन गेला. भांड्यांच्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगली आहेत. पेठपासून आळेफाट्यापर्यंत हायवेला प्लॉटवाल्यांचे बोर्ड लागलेत, त्यांच्यावर वर जाणारा लाल बाण आणि तो शब्द. मला प्रत्येक बोर्डाखाली उतरून विचारावंसं वाटतं: टेकलं कुठं होतं हो? खाली कोण बसलं होतं? शेठ महिन्यातून एकदा फोन करतात. गॅलरीतून काही दिसत न्हाई म्हणतात, समदं लई वर हाये. मग न चुकता विचारतात, "जीप भरती का? अमावास्येला?"

आणि मला दर वेळी 'हो' म्हणता येत नाही. मोटारसायकली आल्या, टोमॅटोचा हंगाम संपला की शिटं घटतात, आणि मळ्यातून आता नऊ मुली येतात. बस आजही बंद आहे. तिच्यासाठी मी भांडत राहीनच, त्या कामाला तुमची सही मिळाली तर घेईन. पण आज तुमच्याकडे माझी मागणी सहीची नाही, मोर्चात येण्याचीही नाही. पुढच्या अमावास्येला, साडेपाचच्या आत, तुमच्या गावच्या स्टँडवर जा. मळ्याकडे जाणाऱ्या जीपमध्ये मुली बसलेल्या असतील आणि एक शीट कमी पडत असेल. तुम्हाला तिकडे काही काम नसेल. तरी बसा.